दर मिनिटाला बारा मीटर

रात्रीचे अडीच वाजलेत. तारीख ५ जून २०२२. कुरूमच्या आसपास, राष्ट्रीय महामार्ग ५३च्या कडेला तुम्ही उभे आहात आणि चपलेचा तळ तापलाय म्हणून कधी या पायावर, कधी त्या पायावर भार देताय. दिवसभराच्या उन्हानं तापलेली जमीन अजून निवलेली नाही, त्यात समोरून डांबराची वाफ. तो वास नाकात इतका भरलाय की शेजारच्या माणसानं पेटवलेल्या बिडीचा वास येतच नाही.

समोर डांबरी माल पसरणारा पेव्हर चालतोय. चालतोय म्हणायचं, इतकंच. मिनिटाला जेमतेम बारा मीटर. घरातलं रांगतं पोरही याला मागं टाकेल. पण परवा सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी काम सुरू झालं, ते अजून थांबलेलं नाही. त्रेचाळीस तास झाले. अजून बासष्ट-त्रेसष्ट तास जायचेत. हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही पुढून आलात. इथं राबणाऱ्या एकालाही ते ठाऊक नाही.

जरा जवळ जा. टिप्पर उलटा येतो, त्याची मागची चाकं पेव्हरच्या रोळांना टेकतात, हौदा वर उचलला जातो आणि डांबरात घोळलेली गिट्टी सरसरत खाली उतरते. मग पेव्हर त्या टिप्परलाच ढकलत पुढं नेतो, जसा थकल्या गड्याच्या पाठीला हात लावून सोबती चालवतो. मागून गरम, जड पाटी तो माल दाबत, सपाट करत येते. एक पोरगा लोखंडी सळई थरात खुपसतो, बोटानं खूण धरतो, उजेडात जाडी बघतो, पुढं दोन पावलं, पुन्हा सळई. तुम्ही त्याच्याकडं दहा मिनिटं बघता. त्यानं एकदाही मान वर केलेली नाही. त्याच्या मागं रोलर. त्याच्या लोखंडी चाकावर पाण्याची धार सतत चालू, नाहीतर डांबर चाकालाच चिकटायचं.

का थांबायचं नाही, हे विचारायची गरज पडत नाही. माल प्लांटमधून निघतो तो दीडशे अंशांच्या आसपास. पेव्हर थांबला की पाटीखालचा माल निवतो, निवलेल्या मालाला रोलर नीट दाबू शकत नाही, आणि पुन्हा सुरू केलं की तिथं सांधा राहतो. हा सांधा पुढं कित्येक वर्षं प्रत्येक गाडीच्या चाकाला जाणवतो. म्हणजे इथं एखादा टिप्पर पंक्चर झाला, प्लांटवर एखादा पट्टा तुटला, नाहीतर वळवाचा पाऊस आला, तर न थांबता सर्वात लांब रस्ता ओतायचा विक्रम गेला. जूनचा पहिला आठवडा आहे. आभाळाकडं सगळेच बघतायत, आणि शेतकरी नेमका उलटा नवस करून बसलेले.

धुऱ्यावर एक म्हातारा बसलाय. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, काठी मांडीवर आडवी. तुम्ही विचारता, "काय पाहून राह्यले बाबा?"

"थांबते का, ते पाह्यतो."

"आन् थांबलं तर?"

"तर घरी जाईन." मग जरा वेळानं, "काल रात्रीपासून बसेल हाओ. झोपच नाही लागत ना बाप्पा, हे थांबल्याबिगर."

बस. मोटारींच्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींबद्दल मी जेवढं वाचलं, त्यातलं एकही वाक्य या म्हाताऱ्याच्या पुढं गेलेलं नाही. कोण पुढं आहे, हे बघायला माणूस पाच मिनिटं थांबतो. थांबतं का, हे बघायला रात्र काढतो.

पण ही शर्यत आहे का? समोर तर दुसरं कोणीच नाही. जो प्रतिस्पर्धी आहे तो कतारमध्ये, दोह्याला, आणि त्यानं आपली धाव फेब्रुवारी २०१९मध्येच संपवलीय: २५.२७५ किलोमीटर, दहा दिवसांत. आता तो कागदावरचा आकडा होऊन बसलाय. इकडं लोणी ते माना या पट्ट्यात पुण्याच्या राजपथ इन्फ्राकॉनची माणसं ७५ किलोमीटरची एक लेन सलग ओतायला निघालीत. दोन लेनच्या रस्त्यात मोजली तर साडेसदतीस किलोमीटर. ७२० माणसं, ३६,६३४ टन माल, त्यात २,०७० टन डांबर. भागाकार केला तर तासाला जवळपास साडेतीनशे टन, रात्री अडीचलाही तेवढेच.

म्हाताऱ्याला दोहा माहीत नाही. त्याचं त्यावाचून काही अडलेलंही नाही.

आता मागं चला. मूर्तिजापूर इथून जवळ. वर्ष तेवढं बदलायचं. १९२३चा मे महिना. कपाशीचा हंगाम सरलाय, तरी स्टेशनाच्या बाहेर एक-दोन बैलगाड्यांवर दाबलेल्या गाठी आहेत आणि हवेत सरकीचा वास. अडीच फुटी रुळांवर एक इंजिन सुस्कारे टाकत उभं आहे. झेडडी जातीचं, १९२१ला मँचेस्टरमध्ये बांधलेलं, यंदाच इथं कामाला लागलेलं. ही गाडी म्हणजे आपली शकुंतला. एका अंगाला यवतमाळ, ११३ किलोमीटर. दुसऱ्या अंगाला एलिचपूर, म्हणजे तुमचं अचलपूर, ७६ किलोमीटर. मँचेस्टरनं इंजिन दिलं ते आपला कापूस न्यायला. उपकार वगैरे काही नव्हते.

त्या इंजिनाच्या बाजूला हात लावायचा मोह होईल, पण लावू नका, चटका बसेल. फक्त बघून घ्या, कारण हे इंजिन १५ एप्रिल १९९४पर्यंत गाडी ओढणार आहे. सत्तर वर्षांवर. पुढं कधीतरी या दोन्ही अंगांचा मिळून १९० किलोमीटरचा प्रवास वीस तासांचा होईल, लोक चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढतील, तिच्यावर विनोद करतील. पण ओढायचं काम चालूच राहील. जगातल्या कोणत्या मोटारीनं एवढी मजल मारलीय, सांगा बरं. तरी ही शर्यत नाही झाली. कारण घड्याळ लावून कोणी बसलं नाही, आणि हिला थांबलेली बघायला धुऱ्यावर कोणी जागलं नाही. टिकणं आणि टिकण्याची शर्यत, यात एवढाच फरक: शर्यतीला कोणीतरी बघणारा लागतो, आणि त्याच्या पोटात जरा गोळा यावा लागतो.

त्याच १९२३च्या मे महिन्याची २६ तारीख, शनिवार. तुम्ही आता फ्रान्समध्ये, ल मां नावाच्या गावाबाहेर. आपल्याकडं पेपरात ले मान्स छापतात, तेच. पाऊस आहे, साधा नाही, मधूनच गारा. रस्ता रोजच्या वापरातला, वर खडी आणि चिखल, एक फेरी १७.२६२ किलोमीटरची. ३३ मोटारी दुपारी चारला सुटल्या आहेत आणि उद्या दुपारी चारपर्यंत धावायच्या आहेत. ज्यांनी ही शर्यत काढली त्यांना मुळात वेगाशी फारसं देणंघेणं नव्हतं. मोटारीचे दिवे रात्रभर टिकतात का, इंजिन पावसात दम धरतं का, हे बघायचं होतं. म्हणजे परीक्षाच, पण लोकांनी तिकीट काढून बघावी अशी.

आणि लोक रात्री थांबतील का, ही शंका काढणाऱ्यांनाही पहिल्या वर्षीच होती. म्हणून फटाक्यांची आतषबाजी, वाजंत्री, खाणंपिणं, सगळं आहे. करमणूक शर्यतीच्या पोटात नसेल तर बाजूला मांडून ठेवलेली बरी, हा हिशेब. आपल्या यात्रेत देऊळ एकीकडं आणि पाळणे दुसरीकडं असतात, तसा.

तुम्ही मात्र पाळण्यांकडं जाऊ नका. अंधारात रस्त्याच्या कडेला उभे राहा. एक मोटार येते, तिचा एकच दिवा चालू आहे; दुसरा उडालेल्या दगडानं फुटलाय. ती बेंटली. दोघे आळीपाळीनं चालवतायत, जॉन डफ आणि फ्रँक क्लेमंट. पुढं आणखी एक दगड तिच्या टाकीला भोक पाडणार आहे आणि पेट्रोल वाटेत सांडून गाडी मधेच बंद पडणार आहे. मग डफ पळत तळावर येईल. क्लेमंट एक सायकल मागून घेईल, खांद्यावर पेट्रोलचे डबे अडकवेल आणि शर्यतीच्या रस्त्यावरून पायडल मारत निघेल. भोकात बूच ठोकून गाडी पुन्हा सुरू होईल. आणि याच गाडीनं या शर्यतीतली सर्वात वेगवान फेरी मारलेली असेल.

तुम्ही आयुष्यात बघितलेल्या सगळ्या मोटारशर्यतींमध्ये तुम्हाला शेवटी आठवेल तो सायकलवरचा माणूस.

एक गाडी, दोन माणसं. एक थकला की दुसरा बसणार, पण गाडी थांबायची नाही. हे बघून तुम्हाला कशाची आठवण येते? मला सप्ताहातल्या विण्याची. वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात अखंड हरिनाम सप्ताह लागला की मंडपात वीणा उभी राहते ती सात दिवस खाली टेकत नाही. पहाऱ्याच्या याद्या लागतात. रात्री दोनचा पहारा असलेला माणूस डोळे चोळत येतो, आधीच्याच्या पाया पडतो, गळ्यातून गळ्यात वीणा जाते. त्या क्षणी तार गप्प बसत नाही. एकाचा हात सुटायच्या आत दुसऱ्याचा हात तारेवर असतो. कीर्तनाला गर्दी असते, पण मंडपात बसून राहणारी खरी माणसं पहारा बदलताना डोळे उघडतात. ल मांला तळावर गाडी येते, चालक उतरतो, दुसरा चढतो, तेव्हा पुढं झुकणारी माणसं याच जातीची.

दुसऱ्या दिवशी चार वाजता निशाण पडतं. ३३ पैकी ३० गाड्या धावून पुऱ्या. लगाश आणि लेओनार या दोघांची शेनार-वॉल्कर सर्वात लांब गेलीय, २,२०९ किलोमीटर. पण विजेता? त्या वर्षी अधिकृत विजेताच नव्हता. करंडक तीन वर्षांच्या कामगिरीवर मिळायचा होता. प्रत्येक गाडीला तिच्या इंजिनाच्या मापानं ठरवून दिलेलं अंतर गाठलं म्हणजे झालं. चिखलानं माखलेली माणसं एकमेकांकडं बघतायत आणि 'आम्ही जिंकलो' असं कोणाला म्हणता येत नाही. लोकांना हे पटलं नाही, उघडच आहे. चोवीस तास भिजून शेवटी "पुढच्या वर्षी बघू" ऐकायला कोण येईल? तीन वर्षांच्या करंडकाची ती भानगड पुढं गुंडाळली गेली.

१९५५ला मी तुम्हाला नेत नाही. त्या जूनमध्ये एक गाडी प्रेक्षकांत घुसली, ऐंशीच्या वर माणसं गेली आणि शर्यत चालूच ठेवली. थांबतं का, हे बघण्याच्या नादाला एक टोक असंही आहे, एवढं लक्षात असू द्या.

१९६६, १९ जून. तेच गाव, आता रस्ता गुळगुळीत. फोर्ड कंपनीनं फेरारीला हरवायचं म्हणून पैसा ओतलाय आणि फेरारी संपलीय. चार वाजायला थोडाच वेळ आहे आणि पहिल्या तिन्ही जागी फोर्डच. केन माइल्स पुढं. यंदा डेटोनाचे चोवीस तास त्यानं जिंकलेत, सेब्रिंगचे बारा तास जिंकलेत. हे तिसरं आलं की एका वर्षात तिन्ही, जे आजवर कोणाला जमलेलं नाही. आणि तुम्ही बघता, की तो गाडी हळू करतोय.

वरून हुकूम आलाय: तिन्ही गाड्या ओळीनं रेषा ओलांडा, फोटो चांगला येईल. पाऊस भुरभुरतोय, तीन गाड्या वरातीसारख्या येतायत, टाळ्या पडतायत. मग पंच हिशेब मांडतात. मॅक्लारेन आणि एमन यांची गाडी सुरुवातीला काही मीटर मागं उभी होती, म्हणजे चोवीस तासांत ती तेवढे मीटर जास्त धावली, म्हणजे जिंकली ती. माइल्स दुसरा. दोन महिन्यांनी, १७ ऑगस्टला, गाडीची चाचणी घेताना तो वारला. यावरचा सिनेमा २०१९ला आला.

कुस्तीच्या फडावर वाढलेल्या माणसाला यासाठी शब्द शोधावा लागत नाही. नुरा. दोन्ही मल्ल तयारीचे, डाव खरे, घाम खरा, आणि निकाल आधीच बसवलेला. फडावर नुरा ओळखू आली की लोक फेटे फेकत नाहीत, माती फेकतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ला बर्लिनच्या ऑलिंपिकला गेलं ते भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला. त्यात पदकाचा प्रश्न नव्हता आणि तसं कोणी भासवलंही नाही. प्रात्यक्षिकाला प्रात्यक्षिक म्हणायला लाज कसली? फोर्डनं शेवटच्या काही मिनिटांत प्रात्यक्षिक केलं आणि त्याला शर्यत म्हटलं. ल मांच्या इतिहासातला सर्वात देखणा फोटो म्हणून तो छापतात. मला तो बघवत नाही.

तीन वर्षं पुढं. १४ जून १९६९, दुपारचे दोन. इथली जुनी रीत अशी, की चालक रस्त्याच्या एका बाजूला उभे, गाड्या दुसऱ्या बाजूला; निशाण पडलं की पळत जायचं, उडी मारून बसायचं आणि सुटायचं. बघायला झकास. फक्त घाईत पट्टा बांधायचा राहतो. निशाण पडतं, सगळे पळतात. एक चोवीस वर्षांचा पोरगा मात्र चालत निघालाय, जॅकी इक्स. मागून येणाऱ्या गाड्या चुकवत रमतगमत गाडीपाशी जातो, बसतो, पट्टा नीट बांधतो, सर्वात शेवटी सुटतो. पहिल्याच फेरीत जॉन वूल्फ नावाचा चालक अपघातात जातो. त्याचा पट्टा बांधलेला नव्हता.

आता शेवटाकडं उडी मारा. चोवीस तास होत आलेत आणि शेवटच्या फेऱ्यांत इक्सची फोर्ड आणि हान्स हेरमानची पोर्शे एकमेकींना मागं टाकत, पुन्हा पुढं जात धावतायत. याला कोणाचा हुकूम नाही. जवळपास पाच हजार किलोमीटरनंतर इक्स जिंकला तो सुमारे १२० मीटरनी. म्हणजे मानाच्या रस्त्यावरच्या आपल्या पेव्हरची दहा मिनिटं. पळत सुटायची रीत पुढच्या वर्षी बंद झाली. लोकांनी त्या रिवाजासाठी हळहळायचं सोडलं नाही, पण शर्यतीची गर्दीही आटली नाही. तो देखावा नसला तरी चालत होतं, असा त्याचा अर्थ.

एवढा वेळ तुम्ही लांब पल्ल्याचं बघितलंत. आता डोळे जरा ताजे करू. बैलांच्या शर्यतींवरची बंदी उठल्यानंतरचा एखादा जानेवारी, जागा तळेगाव दशासर, धामणगाव रेल्वे तालुका. शंकरपट.

सकाळची थंडी अजून अंगात आहे. बाहेर गिला वडा, आलू-पोंगा, उसाचा रस. माणसांची भिंत दोन्ही बाजूंना, मधून सरळ धावपट्टी. जोडी उभी आहे, धुरकरी जुवाच्या मागं पाय रोवून, कासरा मनगटाला. सुटली. तुम्ही पापणी लववायच्या आत बैल तुमच्यासमोरून गेलेले असतात. कानात घुंगरं, तोंडावर माती. काही सेकंदांत खेळ खलास. घड्याळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत बोलतं आणि लाउडस्पीकरवाला ते आकडे असे सांगतो जसे मुलाचे दहावीचे मार्क. मग पुढची जोडी. मग पुढची. तीन-तीन दिवस.

म्हणजे धाव काही सेकंदांची, पण बघणं दीर्घ पल्ल्याचं. मधल्या वेळात काय होतं? कोणाची जोडी कुठून आली, डावा बैल कोणत्या बाजारातला, मागच्या पटात कुठं बुजला होता, खुराकात काय. आणि गट. मुरलेल्या नामांकित जोड्यांचा गट वेगळा, गावातल्या साध्या शेतकऱ्याच्या बैलांचा वेगळा, म्हणजे नांगराच्या बैलाला नांगराच्याच बैलाशी झुंजायचं. ल मांलाही हेच: एकाच रस्त्यावर एकाच वेळी तीन गट, मोठ्या गाड्या छोट्यांना ओलांडत जातात, आणि छोट्यांच्या गटातली चुरस बघणारे वेगळे.

७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ला अटी घालून परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली सात वर्षं पट ओस होते, आणि पट भरवणाऱ्या गावांत त्याबद्दल अजून राग आहे. मी त्या रागात पूर्ण सामील नाही. तुतारी टोचून, शेपटी पिरगाळून काढलेला सेकंद बैलाचा नसतोच; तो टोचणाऱ्याचा असतो. आता काठी, तुतारी, विजेचा शॉक बंद आहे. हात बांधलेल्या धुरकऱ्याचा आवाज तुम्ही ऐका, तो नुसत्या हाळीवर जोडी उडवतो. पट बघण्यात खरी गोडी आता आली, असं मी म्हटलं तर तळेगावात मला चहा मिळणार नाही, पण म्हणतो.

१० जून २०२३. अकोला, संध्याकाळचे साडेसात, पाऊस लांबलेला. तुम्ही गच्चीवर सतरंजी टाकून मोबाइल उशीला टेकवलाय. ल मांचं शंभरावं वर्ष. तिकडं दुपारचे चार. फेरारी पन्नास वर्षांनी वरच्या गटात परत आलीय आणि टोयोटा गेली पाच वर्षं ओळीनं जिंकतेय. शर्यतीच्या दहा-बारा दिवस आधी आयोजकांनी वजनं बदललीत: टोयोटाच्या डोक्यावर ३७ किलो जास्त, फेरारीला २४, कॅडिलॅकला ११, पोर्शेला ३. गाड्या तुल्यबळ व्हाव्यात, कोणी एकटंच पळून जाऊ नये, म्हणून हा तराजू. जिंकणाऱ्या बैलाच्या पाठीवर धान्याचं पोतं ठेवायचं आणि म्हणायचं, आता धाव.

चुरस वाढवायला हे करतात, आणि करमणूक वाढते हेही खरं. त्या वर्षी सव्वातीन लाख माणसं तिथं होती. पण मनात किडा राहतोच. रविवारी तुमच्या गच्चीवर संध्याकाळ उतरत असताना टोयोटाचा हिराकावा ब्रेक लावताना आर्नाजच्या वळणावर घसरतो, गाडी कठड्याला भिडते, आणि फेरारी ८१ सेकंदांनी जिंकते. १९६५नंतर पहिल्यांदा. ते ८१ सेकंद हिराकावाच्या ब्रेकचे की ३७ किलोंचे, हे भांडण आता कोणी सोडवू शकत नाही. मी टोयोटावाला नाही. तरी ते वळण आठवलं की पोटात गोळा येतो, आणि पोतं आठवलं की तो विरतो.

परत चला. ७ जून २०२२, दुपारचे साडेचार, तोच महामार्ग. ऊन डोळ्यांत घुसतंय. म्हातारा आज इथं बाभळीखाली बसलाय. आज माणसं जास्त आहेत, मोटारसायकली आडव्या-तिडव्या, कोणी मोबाइल वर धरलेला. वळणरस्त्यावर अडकलेला एक ट्रकवाला हॉर्न वाजवतोय. त्याला विक्रमाशी काही देणंघेणं नाही, त्याला नागपूर गाठायचंय.

सळईवाला पोरगा तोच आहे की दुसरा, ओळखता येत नाही. सगळ्यांच्या तोंडाला सारखंच फडकं. सळई खुपसली, बोटाची खूण, उजेडाकडं बघणं. दोन पावलं.

पाच वाजतात. १०५ तास ३३ मिनिटं. पेव्हर थांबतो.

आरडाओरडा होतो, गुलाल नाही पण पाण्याच्या बाटल्या उडतात, कोणी कोणाला खांद्यावर घेतं. रोलर मात्र अजून चालू आहे, शेवटचा पट्टा निवायच्या आत दाबायचाय. मग तोही थांबतो, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तुम्हाला दूरवर रेल्वेचा आवाज ऐकू येतो.

म्हातारा काठी टेकून उठतो. त्याच्यासोबत सात-आठ वर्षांचं एक पोरगं आहे, नातू असावा. ते रोलरवाल्याकडं बघतं.

"काका, आपन जिकलो?"

"हो ना बे."

"आन् दुसरा कोन व्हता?"

रोलरवाला टिप्परच्या सावलीत आडवा झालाय. बूट पायातच आहेत, एका हातात उघडी बाटली, आणि तो झोपलेला आहे.